स्प्लेंडरवर मेळघाट होतो का? (अमरावती–चिखलदरा–सेमाडोह–धारणी, मित्रासोबत)

काळीमाती

शंभर सीसीच्या गाडीवर घाट चढतो का, सामान कुठं बांधायचं, असे प्रश्न इथे दर हिवाळ्यात पडतात आणि उत्तरं देणारे बहुतेक साडेतीनशेच्या पुढचे असतात. म्हणून म्हटलं एकदा ह्या बाजूनंही लिहावं.

माझी गाडी स्प्लेंडर, ९७.२ सीसी. दूध आणायला हीच, वावरात जायला हीच. सोबत गजू, आमच्याच गावचा, शाळेपासूनचा. त्यानं यंदा साडेतीनशेची जड गाडी घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही, लिहिलं की धागा तिकडेच वाहत जातो. माझी गाडी पाहून त्याचं पहिलं वाक्य: “काऊन बे, हे घेऊन येतं काय चिखलदऱ्याले? मी वर जाऊन चहा पिऊन झोप काढीन, तवा तू येशीन.”

निघण्याआधी मी एकच अट घातली. स्प्लेंडर पुढे, मोठी मागे. कमी-जास्त ताकदीच्या दोन गाड्या सोबत निघाल्या की नेहमी उलटं होतं. मोठी निघून जाते, कुठंतरी थांबून कंटाळते, आणि लहान गाडीवाला तिला गाठायच्या नादात आपल्या आणि गाडीच्या कुवतीबाहेर पळवतो. लोक पडतात ते ह्या गाठण्यात. लहान गाडी पुढे असली की वेग ती ठरवते आणि मागच्याचा हेडलाइट आरशात दिसत राहतो. गजू वलगावपर्यंत कुरकुरला. मग पंचावन्नच्या वेगात त्याला वावरं दिसायला लागली.

वलगावला पेढी नदीचा पूल लागतो. २० डिसेंबर १९५६ ला गाडगेबाबांनी इथेच देह ठेवला. आम्ही हात जोडले आणि पुढे निघालो. आसेगावला पूर्णा ओलांडेपर्यंत रस्ता सपाट. दोन्ही बाजूंनी कपाशी फुटलेली, मालवाहू ऑटोत दाटीवाटीनं वेचणीला निघालेल्या बाया, आणि पुढे संत्र्याच्या बागा. आंबिया बहाराचा माल तोडणीला आला होता.

ह्या दिवसांत दुचाकीला खरा धोका वाघाचा नाही, सोयाबीनचा आहे. मळणी झाली की अर्ध्या रस्त्यावर दाणे वाळत घालतात. डांबरावर ते गोल दाणे म्हणजे चाकाखाली छर्रेच. ब्रेक मारायचा नाही, हँडल वळवायचं नाही, रेस सोडून सरळ निघायचं. शक्यतो ढिगाच्या बाहेरूनच. दुसरा धोका कापसाच्या गाड्यांचा. ताडपत्री दोन्ही बाजूंनी एवढी फुगलेली असते की चालवणाऱ्याला मागचं काही दिसत नाही. हॉर्न वाजवून उपयोग नाही, तो गाणी ऐकत असतो.

परतवाडा म्हणजे इंग्रजांचा जुना कॅम्प आणि सागवानाची मोठी बाजारपेठ. चिकटून असलेलं अचलपूर त्याहून कितीतरी जुनं, वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी. आलूबोंडा-तर्री खाल्ली. टाकी इथेच भरा. हा सगळा फेरा साडेतीनशे किलोमीटरच्या आतबाहेरचा आहे, स्प्लेंडरच्या टाकीत होऊन पेट्रोल उरतं. गजूच्या तेरा लिटरमध्येही होतो, पण त्यानं धारणीत पुन्हा भरलं, मनाच्या समाधानासाठी.

आता मूळ प्रश्न, घाट. होय, चढते. दुसऱ्यावर, मोकळ्या वळणाला तिसऱ्यावर, तीस-पस्तीसच्या वेगात. गाडी ओरडायच्या आधी गिअर पाडायचा, बाकी काही कला नाही. चिखलदरा समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या वर आहे. परतवाड्यात घाम पुसत होतो, वर पोचलो तर गजूनं माझा स्वेटर मागितला. दिला नाही.

उतरताना मात्र डोकं जागेवर पाहिजे. ड्रम ब्रेक सतत दाबून धरले की तापतात आणि पकड सोडतात. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, ब्रेक दाबायचा-सोडायचा. गाडी बंद करून न्यूट्रलवर घाट उतरून पेट्रोल वाचवणारे महाभाग दिसले. त्यांच्या घरच्यांची दया येते.

चिखलदऱ्याचे पॉइंट सगळ्यांना पाठ आहेत, लिहीत नाही. सकाळी धुक्यात गाविलगड पाहिला, बाजारात गवळ्यांची रबडी खाल्ली, कॉफी घेतली. महाराष्ट्रातला कॉफी पिकवणारा भाग हाच. संध्याकाळी पॉइंटवर स्पीकर लावून नाचणारी पोरं होती, त्याबद्दल न बोललेलं बरं.

खरी मजा पुढे. चिखलदरा ते सेमाडोह, तिथून हरिसाल, धारणी. सिपना नदी मधूनमधून भेटत राहते. रस्ता अरुंद, वळणं आंधळी, आणि समोरून एसटी आली की आपण खाली उतरायचं हे गृहीत धरा. मेळघाट १९७३-७४ मध्ये जाहीर झालेल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. तेव्हा चाळीसच्या आत, हॉर्न नाही, मध्येच थांबून सेल्फी नाही. दुपारी चारच्या आत जंगल सोडायचं असा आम्ही नेम केला होता. वाघ दिसला नाही. एका वळणावर रस्त्याच्या कडेला रानगवा उभा होता. गजूच्या गाडीचा फटफटाट ऐकून त्यानं मान वर केली, आणि आम्ही दोघंही न बोलता इंजिन बंद करून उभे राहिलो, तो झाडीत जाईपर्यंत. एवढ्या जवळून त्याचं अंग पाहिलं की साडेतीनशे आणि शंभर सीसी सारखेच वाटतात.

कोरकू गावांच्या बाजूला झाडाखाली कोरलेले लाकडी खांब दिसतील, चंद्र-सूर्य आणि घोडेस्वार काढलेले. ते मुंडा, गेलेल्या माणसांच्या आठवणीचे. विचारल्याशिवाय फोटो काढू नका.

परतताना घटांगच्या अलीकडे गजूची गाडी मागून डुलायला लागली. येड्या बाभळीचा काटा. त्याच्या गाडीला तारांची रिम, आत ट्यूब, म्हणजे चाक काढल्याशिवाय इलाज नाही. पंक्चरवाला मिळाला. त्याच्याकडे स्प्लेंडरच्या ट्यूबा होत्या, क्लच वायर होती, चेनची कडी होती. गजूच्या मागच्या चाकाचा नट सोडायचा पाना नव्हता. आणि गजूनं गाडीसोबत मिळालेलं टूलकिट घरी ठेवलेलं, बॅगेत जॅकेट मावत नव्हतं म्हणून. मग मी स्प्लेंडर घेऊन गावात फिरलो. एका ट्रॅक्टरवाल्याकडे पाना निघाला. तो स्वतः मागे बसून आला, कारण पाना परत मिळेल याची त्याला खात्री नव्हती. चाक निघालं, ट्यूब शिवली, आणि पंक्चरवाला गजूला म्हणाला, “भाऊ, गाडी झकास हाये. पण पाना तं सोबत ठेवत जा ना.” गजू पुढे परतवाड्यापर्यंत गाडीच्या ताकदीबद्दल काही बोलला नाही.

काही विचारायचं असेल तर विचारा.

सांबारवडी

मस्त! खुसखुशीत. त्या ट्रॅक्टरवाल्याचं मागे बसून येणं फारच आवडलं.
आम्ही नवरा-बायको एकाच स्प्लेंडरवर जायचं म्हणतोय. जमेल का?

काळीमाती

@सांबारवडी, जमेल, पण चिखलदऱ्यालाच मुक्काम धरा, धारणीचा फेरा त्याच दिवशी करू नका. मागच्या चाकात हवा एकट्यासाठी वेगळी आणि दोघांसाठी वेगळी असते, मॅन्युअलमध्ये दिलेली आहे. लोक वर्षभर एकच हवा ठेवतात आणि मग घाटात गाडी मागून बसते म्हणतात. सामान पाठीवर नको. सीटवर आडवी बॅग, सायकलच्या जुन्या ट्यूबेनं आवळलेली. बंजी कॉर्डपेक्षा ती मला जास्त भरवशाची वाटते.

हायवेवाला

लेख चांगला आहे, पण थोडं एकांगी वाटलं. तुम्ही अमरावतीहून निघालात. माझ्यासारख्यानं नागपूरहून निघायचं म्हटलं तर आधी अमरावतीपर्यंत दीडशे किलोमीटर चौपदरी महामार्ग. तिथे ट्रक ऐंशीनं मागे येऊन चिकटतात आणि शंभर सीसीला त्यातून निसटायला दम उरत नाही. मोठी गाडी दिखाव्यासाठी नसते, तो राखीव दम वेळेला जीव वाचवतो. घाटात स्प्लेंडर चालते हे मान्य. महामार्गावर ती मला असुरक्षित वाटते, आणि हे मी आधी तीच चालवत होतो म्हणून सांगतो.

मोर्शीकर

@हायवेवाला, महामार्गानं यायचं बंधन कोणी घातलं? काटोल, जलालखेडा, वरूड, मोर्शी, चांदूर बाजार, परतवाडा असे या. वेळ जास्त लागतो. रस्ता काही ठिकाणी चांगला, काही ठिकाणी देवाच्या भरवशावर. पण सगळा संत्र्याचा पट्टा आहे, चहाला दर गावात टपरी आहे आणि मागून ऐंशीनं येणारा ट्रक नाही. दिवाळीनंतर आलात तर बागेतला माल तिथेच खायला मिळतो. पिशवी भरून मागितली तर मात्र पैसे द्या, लोक लाजेनं मागत नाहीत.

हायवेवाला

@मोर्शीकर, हा रस्ता डोक्यातच आला नव्हता. तरी माझं म्हणणं कायम आहे, महामार्गावर शंभर सीसी नको.

काळीमाती

त्या मुद्द्यावर मी तुमच्याच बाजूला आहे. मी महामार्ग टाळतो, तुम्ही मोठी गाडी घेता. हिशेब एकच.

ठाणेकर_रायडर

आम्ही मुंबईकडून येणार. समृद्धीनं बाईक आणली तर एका दिवसात होईल ना?

मोर्शीकर

समृद्धीवर दुचाकीला परवानगीच नाही. नाक्यावरून परत पाठवतील. भुसावळ, अकोला, मूर्तिजापूर असं जुन्या नागपूर महामार्गानं यावं लागेल. अमरावती–अकोला दरम्यानचा रस्ता २०२२ मध्ये गिनीजमध्ये गेला होता, ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत. आता तिथून रोज जाणाऱ्यांना काय वाटतं ते विचारू नका.
आणि एका दिवसात नको. अकोल्याला झोपा.

वावरवाला

सोयाबीनचं लिहिलं ते बरोबर आहे, आणि शिव्या दिल्या नाहीत याबद्दल आभार. बहुतेक बाईकवाले शिव्या देतात. आता आमचंही ऐका. माल बाजारात नेला की आधी ओल मोजतात. हमीभावानं विकायचा तर ओल १२ टक्क्यांच्या वर चालत नाही. २०२४ ला ती सूट १५ टक्क्यांपर्यंत दिली होती, कारण परतीच्या पावसानं सगळ्यांचाच माल भिजला होता. व्यापारी तर ओलीच्या नावावर वाटेल तसा भाव पाडतो. खळं राहिलं नाही, घरापुढं जागा नाही, काळी माती तर ओल धरूनच असते. डांबर तापतं, दाणा दोन उन्हांत वाळतो. म्हणून रस्ता. हौस म्हणून कोणी माल रस्त्यावर टाकत नाही.

बाकी, ढिगाच्या टोकाला आम्ही दगड लावतो. संध्याकाळी तो दगड दिसत नाही. माल उचलला तरी दगड तिथेच राहतो, हे मात्र आमचं चुकतंच.

सांबारवडी

@वावरवाला, हे माहीत नव्हतं. धन्यवाद.

गजूच_मी

काळीमाती भाऊ, लिहिलं तं सारं लिहा ना! अमरावतीच्या बाहेर निघाल्याबरोबर कोणाची चेन खडखड करत होती? कोणी तेल सोडलं? सोताचं आलं का गाळून टाकता. अन् स्वेटर असा काय सोन्याचा होता का? थंडीनं मले रातभर झोप नाही आली.
अन् मंडळी, पाना घेतला आता. दोन घेतले.

काळीमाती

आला. ह्याला लिंक पाठवणारा कोण?
चेनला तेल त्यानंच सोडलं, खरं आहे. आता तो दर धाग्यावर हेच लिहिणार.

घाटमेकॅनिक

चेनचा विषय निघाला म्हणून. धूळ असलेल्या रस्त्यावर पाचशे किलोमीटरला एकदा चेन पुसून तेल द्यायचं. पण आधी पुसायची! धुळीवर तेल टाकलं की घासणारी पेस्ट तयार होते आणि चेन सेट लवकर जातो. लांब जाताना क्लच वायर सोबत ठेवा आणि शक्य असेल तर जुन्या वायरीच्या बाजूनं आधीच टाकून ठेवा, तुटली की फक्त टोकं बदलायची. प्लग एक जास्तीचा. ट्यूबवाल्या गाडीला ट्यूब सोबत पाहिजेच आणि चाकाच्या नटाचा पाना, ते तर वर आलंच. ट्यूबलेस असेल तर पट्टीचं किट आणि पायपंप.

पावसाळ्यात विचार असेल तर पांदण रस्त्यात गाडी घालू नका. काळी माती पुढच्या चाकात आणि मडगार्डमध्ये अशी भरते की चाक फिरत नाही. काडीनं काढत बसा. गावातली पोरं पेरणीच्या दिवसांत पुढचं मडगार्डच सोडून ठेवतात.

रानपिंगळा

तुम्ही रानगव्याजवळ इंजिन बंद केलंत हे वाचून बरं वाटलं. मेळघाटात बाईकवर गेलात तर एक करा. सकाळी जंगलाबाहेरच्या गावाजवळ, सागाची झाडं विरळ असतील तिथे गाडी बंद करून दहा मिनिटं बसा. रानपिंगळा हा दिवसा वावरणारा छोटा घुबड आहे. १८८४ नंतर त्याची खात्रीची नोंदच नव्हती, तो संपला असं समजत होते. १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला आणि नंतर मेळघाटात चांगल्या संख्येनं आढळला. फटफट करत गेलात तर तुम्हाला फक्त सागाची पानं दिसतील. कोअरमध्ये, म्हणजे व्याघ्र प्रकल्पाच्या आतल्या राखीव भागात, मात्र रस्ता सोडून पायी उतरू नका, तो गुन्हा आहे.

किल्लेदार

गाविलगड एका ओळीत उरकला, थोडा राग आला. बहामनी काळात, पंधराव्या शतकात बांधलेला हा किल्ला. १८०३ च्या नोव्हेंबरअखेर अडगावला भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला, तिथून इंग्रज इकडे वळले आणि १५ डिसेंबरला किल्ला घेतला. त्यांचा सेनापती आर्थर वेलस्ली, पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन तो हाच. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. तोफांची गोष्ट तुम्हा गाडीवाल्यांनी ऐकावी अशी. स्टीव्हन्सनच्या तुकडीनं उत्तरेच्या अंगानं, रस्ता पाडत पाडत, जड तोफा डोंगरातून हातांनी ओढून आणल्या. तुम्ही दुसऱ्या गिअरवर चढलात तो डोंगर. दरवाजावरचं गंडभेरुंड पाहिलंत का?

काळीमाती

पाहिलं. दोन तोंडांचा पक्षी, पंजात हत्ती. गजू म्हणे, “याले म्हनतात पिकअप.”

किल्लेदार

😀 बरं, माफ केलं.

मीटरगेज

धारणीपर्यंत गेलात आणि धुळघाट केलं नाहीत? अकोला–खंडवा मीटरगेजवर तिथे रूळ गोल वळसा घेऊन स्वतःच्याच वरून पुलानं जायचे, डोंगर चढायला. १ जानेवारी २०१७ पासून गाडी बंद आहे. नवा मार्ग जंगलाच्या बाहेरून नेणार म्हणून ह्या वळशाला आता गाडी दिसायची नाही. मी लहानपणी खिडकीतून खालचा रूळ पाहिलेला आहे.

परतवाड्याचा

दिवाळीनंतर गेलते तं घुंगरू बाजार पाह्यला का नाही? दिवाळीच्या नंतरचे जे आठवडी बाजार भरतात ना मेळघाटात, त्यात थाट्या लोकं सजूनधजून येतात, बासरी अन् ढोलावर नाचतात. गुराखी लोकं हायेत, वर्षभर गावाचे ढोरं राखतात. बाजारात नाचले का दुकानदार अन् गावचे लोकं त्याईले खुशीनं देतात. हे पाहाले जायचं तं आधी गावात इचारून बाजाराचा दिवस माहीत करून घ्या. गाडी बाजाराच्या बाहेर लावा बाप्पा, गर्दीत घुसवू नका. मांगच्या वर्षी एकानं मोठी गाडी घुसवली अन् मिरच्याच्या ढिगावर घातली. लय बोलणे खाल्ले त्यानं.

एकटी_निघाले

वाचतेय. बायकांच्या दृष्टीनं एक भर घालते. मी आणि मैत्रीण दोन स्कूटरवर चिखलदऱ्याला गेलो होतो. त्रास काही झाला नाही, लोक उलट जास्तच चौकशी करतात. खरी अडचण स्वच्छतागृहाची. परतवाडा बसस्थानक सोडलं की चिखलदऱ्यापर्यंत भरवशाचं काही नाही, आणि सेमाडोहच्या पुढे तर अजिबात नाही. सेमाडोहला वनखात्याचं पर्यटक संकुल आहे, तिथे थांबा घ्या. मोबाइलचं नेटवर्क जंगलात गायब होतं, त्यामुळे घरी आधीच सांगून ठेवा की अमुक वेळेपर्यंत फोन लागणार नाही. नाहीतर आईनं पोलीस स्टेशन गाठलेलं असतं.

ठाणेकर_रायडर

अकोल्याला मुक्काम करायचं ठरलं. डिसेंबरअखेर निघतोय. त्या वेळी परतवाड्याकडे अजून काही पाहण्यासारखं?

परतवाड्याचा

बहिरमची जत्रा! परतवाडा–बैतूल रस्त्यावर, सातपुड्याच्या पायथ्याशी. डिसेंबरच्या उतरणीला लागते अन् महिनाभरावर चालते. हंडीतलं मटण अन् रोडगे खाले लोकं लांबून येतात. शाकाहारी असान तं वांग्याची भाजी अन् रोडगे खा, तेही काही कमी नाही. तसंच पुढं मुक्तागिरी हाये, जैनांचं तीर्थ, बावन्न मंदिरं अन् धबधबा. मध्य प्रदेशात लागते पण परतवाड्याहून जवळच. पायऱ्या हायेत, तं मटण खाऊन मंग चढू नका, आधी मुक्तागिरी करा. अन् जत्रेच्या रस्त्यानं रात्री गाडी चालवू नका. लोकं पिऊन असतात, बैलगाड्याले मांगून लाइट नसते.

ठाणेकर_रायडर

मटण नंतर, मुक्तागिरी आधी. लिहून घेतलं. गाड्या दोन आहेत, एक चारशे सीसी आणि एक सव्वाशे. सव्वाशेवाला पुढे.

गजूच_मी

पाना घ्या.